ठेवायला दिलेलं पेन

अनुपमाकडे वही नव्हती. तिला लागतच नसे. कुणाच्या बारशाला आपण काय नेलं, त्यांनी आपल्या वास्तुशांतीला काय आणलं, कोण आजारपणात भेटायला आलं आणि कुणी नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला, हे सगळं तिच्या डोक्यात तारीखवार लावलेलं असे. मंडळातल्या बायका तिला हसून "आमची ऑडिटर" म्हणत. तीही हसे, आणि कोण कोण हसलं ते लक्षात ठेवी.

या सगळ्या हिशोबात एकच खातं जुळत नव्हतं, आणि ते भिंतीपलीकडे राहत होतं.

आखातात, खलिफा सिटीतला तो भाड्याचा व्हिला कागदावर एका कुटुंबाचा होता. कागद अनुपमाच्या नवऱ्याच्या, राजनच्या नावाचा. राजनने मूळ मजलिसमध्ये, म्हणजे अरबी घरात पाहुण्यांना बसवायची जी मोठी खोली असते तिच्यात, मधोमध जिप्समची पोकळ भिंत घातली होती. अलीकडचा अर्धा भाग मुलाची, वेदांगची खोली झाला. पलीकडच्या अर्ध्यात, स्वतंत्र दाराने, युसुफ आणि त्याची बायको कुलसुम पोटभाड्याने राहायला आले. दोघं दापोलीकडचे. युसुफचं मुसाफ्फाच्या कारखानी वस्तीत सोफे शिवायचं दुकान होतं. राजन इंजिनीयर असल्यामुळे भिंत विचारपूर्वक झाली होती: आपल्या बाजूला दुहेरी शीट, त्यांच्या बाजूला एकेरी. आवाज आपल्याकडे येऊ नये म्हणून. आपला त्यांच्याकडे गेला तर ते त्यांनी बघावं.

मग कोरोना आला. राजनचा पगार अर्धा झाला आणि दोघं नवराबायको एकदमच तापाने आडवी पडली. एकवीस दिवस पायरीवर स्टीलचा डबा येत राहिला. मुगाची खिचडी, सार, भाकरी. ही मंडळी मांसमच्छी खात नाहीत म्हणून कुलसुमने नवी भांडी आणून त्यांचा स्वयंपाक वेगळा केला होता. हे अनुपमाला कळलं ते पुढे तिच्याकडे गेल्यावर, भांड्यांवरची लेबलं पाहून. कुलसुम त्याबद्दल आजतागायत एक शब्द बोलली नव्हती. एकदा जरी बोलून दाखवलं असतं तरी अनुपमाला तेवढं वजा करता आलं असतं.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत दोन्ही घरांत होती. त्यामुळे शंकरपाळे जात, सांदण येई. पुरणपोळी जाई, नारळाची बर्फी येई. पाच वर्षं तोच डबा फिरत होता आणि अनुपमा पाच वर्षं एकवीस डब्यांनी मागेच होती. मध्यंतरी तिने आपलं वायफाय कुलसुमला देऊ केलं, म्हणजे तिला दापोलीला आईशी व्हिडिओवर बोलता येईल. वेदांगने टेबलामागे भिंतीला बोटभर भोक पाडून आरपार वायर घातली. ते अनुपमाने आपल्या बाजूला जमा धरलं. पण वायफाय ते वायफाय, आणि तापात पुढ्यात आलेलं सार ते सार.

यंदा वेदांग बारावीला होता. त्याला अभ्यासाला मोठी खोली हवी, ही मजलिस पुन्हा एक करावी, असं तिने जुलैपासून धोशा लावून सांगितलं.

"जबान दिलीय मी युसुफभाईंना," राजन म्हणाला. "पुढच्या जूनपर्यंत. आणि आजारपणात ज्या माणसांनी..."

"माहितेय मला," अनुपमा म्हणाली. सगळ्यात जास्त तिलाच माहीत होतं. म्हणून तर ती माणसं नको होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी कुलसुमने दार वाजवलं.

"वहिनी, जरा बाहेर येता? पण हळू या. आणि अत्तर-बित्तर लावलं असेल तर लांबच थांबा."

बाहेरच्या भिंतीत, जुन्या एसीची नळी जिथून आत जाई तिथे, एक भोक उरलं होतं. त्यातून तांबूस, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या गांधीलमाश्या ये-जा करत होत्या. ऑफिसला निघाल्यासारख्या, एकमेकींना वाट देत.

"एका मिनिटात अकरा आत, नऊ बाहेर," कुलसुम म्हणाली. "काल मोजल्या मी. पोळं भिंतीच्या पोकळीत आहे. तुमच्या वेदांगच्या आणि माझ्या मधोमध."

मोजलेलं अनुपमाला नेहमीच आवडे. "मग? फवारा मारून टाकू."

"अजिबात नको. चवताळतात." कुलसुम दोन पावलं मागे सरकली होती आणि पुढे यायला तयार नव्हती. "मला अकराव्या वर्षी एकच चावली होती, वाडीत. घसा सुजून बंद झाला. काळीनिळी पडले. बापाने खांद्यावर टाकून पळत नेलं म्हणून वाचले. इथल्या डॉक्टरने सांगितलंय, पुढची चावली तर तेवढापण वेळ मिळणार नाही."

तिने ओढणीखालून एक निळी नळी काढली.

"हे त्याचं पेन. इंजेक्शन आहे आत. दोन दिलीत. एक माझ्या पर्समध्ये असतं. हे दुसरं तुमच्याकडे ठेवा. आमचे हे दिवसभर दुकानात, मी एकटी. मला झालं काही, तर तुम्हीच. टोपी काढायची, मांडीवर टेकवून जोरात दाबायचं आणि दहापर्यंत मोजायचं. कपड्यावरून चालतं."

"अगंबाई, मला नाही जमायचं हे."

"तुम्हाला नाही जमणार तर कुणाला? मोजायचंच तर आहे."

टोमणा आहे की विश्वास, हे अनुपमाला नीट कळलं नाही. तिने पेन दिवाणखान्यातल्या खणात ठेवलं, बिलांच्या गठ्ठ्यावर.

संध्याकाळी चौघं चहाला बसले. युसुफने दुकानाजवळच्या एका परवानाधारक कंपनीला विचारून ठेवलं होतं.

"गुरुवारी मगरिबनंतर, दिवस मावळल्यावर येतील. सगळ्या आत असतात तेव्हा. भुकटी मारतात, मग दुसऱ्या दिवशी पोळं काढतात. तोवर तीन गोष्टी सांगितल्यात. भोक बंद करायचं नाही. भिंत ठोकायची नाही. आणि आतल्या फटींना कापडाचे बोळे लावायचे, दिवा कमी ठेवायचा. माशी उजेडाकडे येते."

"आणि त्यांनी विचारलं ही भिंत कसली, तर?" राजनने कप खाली ठेवला. "युसुफभाई, ही भिंत कागदावर नाही. कुणी कुठे कळवलं तर खलास. तुम्हीही बाहेर, आम्हीही बाहेर."

"कपाट सरकवू पुढे. माश्या मारायला आलेला माणूस भिंती कशाला मोजेल, राजनभाऊ?"

"घेतात किती?"

"चारशे दिरहॅम."

"चारशे! म्हणजे नऊ-साडेनऊ हजार रुपये," अनुपमा म्हणाली. "माश्यांना?"

"ते मी देतो," युसुफ म्हणाला. "इन्शाल्ला, तुम्हाला काही त्रास नाही."

राजनला हायसं वाटलं. अनुपमाच्या मात्र चहाची चव गेली. एकवीस डबे, आणि त्यावर आता हे. गुरुवारी सगळं शांतपणे, रीतसर निपटणार. पलीकडची माणसं अजून नऊ महिने तिथेच राहणार. आणि वर उपकार करून राहणार.

उठताना कुलसुम म्हणाली, "वेदांगच्या टेबलामागे वायरचं भोक आहे हां, वहिनी. तिथे बोळा लावा. माझ्या बाजूला मी लावला."

"हो हो, लावते."

त्या रात्री जेवणं झाल्यावर अनुपमाने फोनवर गांधीलमाश्यांचे व्हिडिओ पाहिले. हेतू चांगलाच होता, असं ती पुढे स्वतःला सांगणार होती. एक गोरा म्हातारा तळहातावर भिंतीचा तुकडा धरून समजावत होता: बाहेरचं भोक चुकूनही बुजवू नका. आत अडकलेल्या माश्या वाट शोधतात, जिप्सम मऊ असतं, त्या कुरतडतात, आणि जी बाजू पातळ असेल तिथून घरात उतरतात.

अनुपमाने ते वाक्य पुन्हा लावलं. मग पुन्हा.

काय करू नये याची यादी उलटीकडूनही वाचता येते. आपल्या बाजूला दुहेरी शीट, त्यांच्या बाजूला एकेरी. चार माश्या त्यांच्या खोलीत उतरल्या की कुलसुम काही तिथे झोपायची नाही. आपणहून जाईल. राजनची जबानही राहील आणि खोलीही मिळेल. आणि चावलीच एखादी, तर पेन कुठे आहे? आपल्या खणात. आपण धावत जाऊ, टोपी काढू, दाबू, दहा मोजू. जीव वाचवला म्हणजे एकवीस डबे फिटून वर आपलीच बाकी निघेल. इथवर आल्यावर अनुपमाला इतकं मोकळं वाटलं की तिने उठून दुधाला विरजण लावलं.

मंगळवारी मगरिबची अजान झाली. गांधीलमाश्या आत गेल्या होत्या. एसीवाल्याने मागे टाकलेला, फटी बुजवायच्या फोमचा डबा गॅरेजमध्ये होता. अनुपमाने नळी भोकात खुपसली आणि दाबली. पिवळा फोम फुसफुसत आत गेला, फुगला, बाहेर आला. बोटांना लागला. तिने साबण लावला, रॉकेल लावलं, नेलपॉलिश काढायचं औषध लावलं. तो फोम कातडीवरून चार-चार दिवस जात नाही, हे डब्यावर लिहिलेलं होतं. पण डब्यावरचं तिने वाचलं नव्हतं.

बुधवारी दुपारी ती पुरणपोळ्यांचा डबा घेऊन पलीकडे गेली. किती झालंय ते पाहायला.

कुलसुमच्या खोलीत पडदे ओढलेले, दिवा बंद, फटींना पांढऱ्या कापडाचे बोळे ठासलेले. ती अंधारात भिंतीला कान लावून बसली होती.

"ऐका वहिनी. कालपासून आवाज येतोय. कुणी पापड खातंय असा. आणि बाहेर आज एकही दिसली नाही. काय झालंय ते कळेना."

"थंडावल्या असतील."

"सप्टेंबरात?" कुलसुमने डबा घेतला. तिची नजर अनुपमाच्या बोटांवर थांबली. "हे काय लागलंय पिवळं?"

"वेदांगचं प्रोजेक्ट. शाळेचं."

"बारावीला प्रोजेक्ट देतात होय," कुलसुम म्हणाली. मग विचारलं, "बोळा लावलात ना त्याच्या भोकाला?"

"लावला की."

लावला नव्हता. आठवणीतच नव्हतं. तिच्या डोक्यात ते वायफाय म्हणून, उपकार म्हणून नोंदलेलं होतं. भोक म्हणून नव्हतंच.

गुरुवारी वेदांग तीन वाजता शाळेतून आला. बाहेर ऊन भाजत होतं. त्याने पडदे ओढले, टेबलावरचा दिवा लावला, कानांवर हेडफोन चढवले आणि गणितं काढून बसला. खोलीत तेवढाच एक उजेड होता, आणि तो वायरच्या भोकापासून हातभर लांब होता.

अनुपमा स्वयंपाकघरात होती. आज ना उद्या पलीकडून किंकाळी येईल म्हणून तिचे कान गेले दोन दिवस त्या दिशेला लागले होते. किंकाळी आली. पण ती पलीकडची नव्हती.

"आई! आई! गेट देम ऑफ मी! आई!"

ती धावली आणि दारातच थिजली. दिव्याभोवती तांबडा धूर असावा तशा त्या होत्या. वेदांग टेबल आणि पलंगाच्या मध्ये अडकून हात झाडत होता. जितका झाडत होता, तितक्या जास्त बसत होत्या. "बाहेर ये!" ती ओरडली. "वेदांग, बाहेर ये!" तिचा पाय मात्र उंबऱ्यापलीकडे पडेना.

तिच्या मागून कुणीतरी तिला बाजूला ढकललं. कुलसुम होती. अंगावर बेडशीट गुंडाळलेली, अनवाणी. ती सरळ आत गेली, दिवा उपटून विझवला, वेदांगला चादरीत ओढलं आणि खेचत बाहेर आणलं. दार लावलं. सगळं मिळून फार तर अर्धं मिनिट.

तिघं दिवाणखान्यात आली. वेदांगचं तोंड, मान, हात फुगून आले होते. तो रडत होता, मोठ्याने, भरपूर श्वास घेऊन. कुलसुम सोफ्याला टेकून खाली बसली. तिने बाही वर केली. दंडावर एक, मनगटावर एक.

"दोन," ती म्हणाली. आवाज तेवढ्यातच बदलला होता. "वहिनी. पेन."

अनुपमाने खण उघडला. पेन हातात घेतलं. टोपी काढली.

समोर मुलगा होता. त्याचे डोळे सुजून मिटत चालले होते आणि तो "आई, आय कान्ट सी" म्हणत होता. शेजारी कुलसुम होती. तिचे ओठ निळसर झाले होते आणि ती ओरडत नव्हती. अनुपमाच्या हिशोबाला इतका कमी वेळ आयुष्यात कधी लागला नव्हता.

तिने पेन वेदांगच्या मांडीवर दाबलं आणि दहापर्यंत मोजलं. मोठ्याने.

कुलसुम बघत होती. पेनकडे नाही, ते धरणाऱ्या बोटांकडे, त्यांच्यावरच्या पिवळ्या खपल्यांकडे. मग तिने दाराकडे हात केला. "पर्स," ती म्हणाली. "माझी... खोलीत."

खोली बाहेरून वीस पावलं होती. पुढे कधीतरी अनुपमाने ती मोजली. त्या वेळी तिने अॅम्ब्युलन्सला फोन केला, पत्ता दोनदा सांगितला, राजनला फोन केला, वेदांगचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या गालावर बर्फ धरून बसून राहिली. तिला उठवेना. आपण उठलो आणि तेवढ्यात याला काही झालं तर, असं ती मनाशी म्हणत होती. वेदांग रडायचा थांबला होता आणि पाणी मागत होता. कुलसुमच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मग तोही येईनासा झाला.

अॅम्ब्युलन्स नऊ मिनिटांत आली. आत शिरलेल्या नर्सने मुलाकडे एकदा पाहिलं आणि त्याला ओलांडून ती सरळ कुलसुमपाशी गेली.

कुलसुम वाचली. तीन दिवस यंत्रावर, पुढचे चार वॉर्डात. वेदांगला दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. तेवीस चावे होते. डॉक्टर केरळचा होता, हिंदीत शांतपणे बोलला. "पेन त्या बाईंचं होतं ना? तुमच्या मुलाला त्या वेळी त्याची गरज नव्हती. तो श्वास घेत होता, रडत होता. आता मात्र लागू शकतं. एवढं विष अंगात गेल्यावर काहींना नंतर अॅलर्जी होते. सहा आठवड्यांनी रक्त तपासू. तोवर एक पेन त्याच्यापाशी असू द्या, आणि एक घराजवळच्या कुणाकडे तरी द्या. ज्यावर भरवसा आहे अशा कुणाकडे."

गुरुवारच्या गडबडीत परत पाठवलेली कंपनीची माणसं शुक्रवारी, वेदांग घरी आल्यावर, आली. एकाने बाहेरच्या भोकातून फोमची हाताएवढी लांब पिवळी कांडी ओढून काढली आणि वर धरली.

"ये किसने बंद किया, भाईसाब?"

राजनला माहीत नव्हतं. युसुफ हॉस्पिटलमधून कपडे न्यायला आला होता. त्याने कांडी पाहिली, आणि मग अनुपमाने पदराखाली घेतलेला हात पाहिला. त्या माणसाच्या हातावर चारशे दिरहॅम मोजून ठेवले आणि गाडी काढून निघून गेला.

पंधरा दिवसांत त्यांनी खोली सोडली. कुलसुम खोली आवरायलाही आली नाही. युसुफ आणि दुकानातले दोन कारागीर येऊन सामान घेऊन गेले. राजन त्यांच्या मागे मागे फिरत होता. "युसुफभाई, जूनपर्यंतची जबान आहे माझी. असं का? काही चुकलं का आमचं?" युसुफ म्हणाला, "नाही नाही, राजनभाऊ. हिला आता ती भिंत बघवत नाही, एवढंच."

खोली मिळाली. राजनने भिंत पाडली. वेदांग त्या मोठ्या, उजेडाच्या मजलिसमध्ये एक दिवसही बसला नाही. "आय ॲम नॉट गोइंग इन देअर," म्हणाला, आणि डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर, फोडणीच्या धुरात, बारावीचा अभ्यास करू लागला.

सामान हललं त्याच संध्याकाळी पायरीवर डबा होता. तोच, स्टीलचा. पुरणपोळ्या नेलेला.

अनुपमाने तो ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ उघडला नाही. मग उघडला. आत, घडी घातलेल्या पांढऱ्या कापडावर, एक निळं पेन होतं. टोपी जागेवर. वीस पावलांवरच्या पर्समधलं. सोबत चिठ्ठी होती, कुलसुमच्या गोल अक्षरात:

"वेदांगसाठी. दोन लागतात. एक शेजारी कुणाकडे तरी ठेवायला द्या."

वेदांगने खांद्यावरून वाचलं. त्याच्या गालावरच्या गाठी अजून पुरत्या बसल्या नव्हत्या.

"सो, हू विल कीप इट?" त्याने विचारलं.

"बघते," अनुपमा म्हणाली.

तिने फोन घेतला आणि गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली. ईश्वरी. पण ईश्वरीच्या मुलाला मागच्या वर्षी वेदांगपेक्षा चार मार्क कमी पडले होते. शुभ्रा. शुभ्राच्या आईला सोडायला आपण विमानतळावर गेलो नव्हतो. समोरची बिलकीस. तिच्या गाडीला ओरखडा पडला तेव्हा आपण वर तोंड करून नाही म्हटलं होतं. प्रत्येक नावाशी तिचं बोट थांबे, खातं उघडे. ते घर, त्या घरातला खण, खणावरचा हात तिला दिसे, आणि तो हात खण उघडायला किती वेळ लावेल हे तिला अगदी अचूक कळे.

नावं संपली. तिने पेन बिलांच्या गठ्ठ्यावर, आपल्याच खणात ठेवलं.

मग डबा घासायला घेतला. घासून, पुसून, उलटा ठेवला. परत करताना त्यात काय घालावं याचा विचार करत ती क्षणभर उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की नवा पत्ता तिला कुणी दिलेला नाही.